पुण्यातल्या फ्लॅटवर तुमचं नाव आणि इंग्लंडमधलं जुनं घर

(या भागाचं लेखी रूप. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा प्रश्न तुमच्या मेसेजमध्ये वेगवेगळ्या शब्दांत सतत येतोय. "आम्ही दोघं इंग्लंडमध्ये नोकरी करतो, स्किल्ड वर्कर व्हिसा आहे, भाडं भरून कंटाळलोय. एक जुनं व्हिक्टोरियन घर बघितलंय, खूप आवडलंय. घेता येतं का? घ्यावं का?"

घेता येतं. घ्यावं का, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी एवढंच सांगतो की त्या घराची सुबक खिडकी आणि जुनी शेकोटी बघून हरखून जाण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, भारतात कुठल्या घराच्या कागदावर तुमचं नाव आहे का. दुसरी, या घराच्या भिंतीवर मधल्या काळात कुणी सिमेंट फासलंय का. पहिलीत चूक झाली तर एका दिवसात पंचवीस लाख रुपयांचा फरक पडू शकतो. दुसरीत झाली तर तेवढेच पैसे हळूहळू, दर पावसाळ्यात जातात. आणि इंग्लंडमध्ये पावसाळा बारा महिने असतो, हे तुम्हाला माहीत आहेच.

एक स्पष्ट करतो. मी वकील नाही, करसल्लागार नाही. बीटेक केलेला सॉफ्टवेअरवाला आहे. रेडिंगमध्ये राहतो आणि हे सगळं स्वतःच्या घरासाठी खणून काढलंय. आकडे इंग्लंडचे आहेत, एप्रिल २०२५ पासून लागू असलेले. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये हा कर वेगळा आहे, नावही वेगळं. तिथल्यांनी हे आकडे वापरू नका.

आधी घर म्हणजे नेमकं काय ते बघू. इथल्या जाहिरातीत 'पीरियड प्रॉपर्टी' लिहिलेलं असलं की साधारणपणे पहिल्या महायुद्धाच्या आधीचं घर समजायचं. राणी व्हिक्टोरियाची कारकीर्द १८३७ ते १९०१. त्या काळात कारखाने आणि रेल्वे आली, गावांची शहरं झाली आणि कामगारांसाठी घरांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. एका घराची भिंत तीच शेजारच्या घराची भिंत. चाळ आडवी न ठेवता उभी कापून प्रत्येकाला वरखाली एक तुकडा दिला तर कसं होईल, साधारण तसं. रेडिंगमध्ये हंटले अँड पामर्सचा बिस्किटांचा मोठा कारखाना होता. त्याच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये आजही ही घरं आहेत. लाल विटांच्या भिंती आणि त्यात करड्या विटांची नक्षी. पुढे एक खोली, मधे एक, मागे शेपटीसारखं काढलेलं स्वयंपाकघर, आणि कित्येक घरांत त्याच्याही मागे बाथरूम, कारण मुळात संडास अंगणात होता.

परदेशी नागरिकाने असं घर घेण्यावर इंग्लंडमध्ये बंदी नाही. हे गृहीत धरू नका बरं का, सगळीकडे असं नाही. ऑस्ट्रेलियात १ एप्रिल २०२५ पासून दोन वर्षांसाठी परदेशी लोकांना, अगदी तात्पुरत्या व्हिसावर तिथे राहणाऱ्यांनाही, आधी बांधलेली घरं घ्यायला बंदी आहे. तिकडच्या श्रोत्यांसाठी म्हणजे जुन्या घराचा विषय सध्या तरी बंदच. इंग्लंडमध्ये दार उघडं आहे, पण घर घेतलं म्हणून व्हिसा मिळत नाही आणि वाढतही नाही.

कर्जाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात गंमत कमी आहे. बँका बघतात तुमचा व्हिसा किती उरलाय, या देशात किती काळ आहात, पगार किती आणि स्वतःचे किती पैसे घालताय. प्रत्येक बँकेचा नियम वेगळा. एक बँक २५ टक्के रक्कम मागेल, दुसरी १० टक्क्यांवर तयार होईल. म्हणून व्हिसावाल्यांची प्रकरणं नेहमी हाताळणारा ब्रोकर गाठा. आणि एक फुकटची गोष्ट करा. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदानाचा हक्क आहे. मतदार यादीत नाव घाला. त्या यादीवरून तुमचा पत्ता पडताळला जातो आणि क्रेडिट रेकॉर्ड सुधारतो. इथे चार-पाच वर्षं राहिलेल्यांनाही हे माहीत नसतं.

आता मुख्य मुद्दा. स्टॅम्प ड्युटी.

आकडे कळायला सोपं म्हणून साडेतीन लाख पौंडांचं घर धरू. नेहमीच्या दराने पहिल्या १,२५,००० पौंडांवर शून्य, त्यापुढे २,५०,००० पर्यंत २ टक्के, त्यावर ९,२५,००० पर्यंत ५ टक्के. म्हणजे २,५०० अधिक ५,०००, एकूण ७,५०० पौंड.

आयुष्यातलं पहिलं घर असेल तर सवलत आहे. ३ लाखांपर्यंत शून्य, त्यापुढे ५ लाखांपर्यंत ५ टक्के. आपल्या उदाहरणात ५० हजारांवर ५ टक्के, म्हणजे फक्त २,५०० पौंड.

आणि हे तुमचं दुसरं घर असेल तर? मग पूर्ण किमतीवर, पहिल्या पौंडापासून, ५ टक्के जादा. १७,५०० वाढले. एकूण २५,००० पौंड.

२,५०० आणि २५,०००. एका शून्याचा फरक. पंचवीस लाख म्हणालो ते हेच.

आता कान देऊन ऐका. 'पहिलं घर' आणि 'दुसरं घर' हे ठरवताना इंग्लंडचा कायदा फक्त इंग्लंड बघत नाही, सगळं जग बघतो. सिंहगड रोडवरचा टू बीएचके मोजला जातो. डोंबिवलीतला वन बीएचके मोजला जातो. पहिल्या घराची सवलत हवी असेल तर जगात कुठेही, कधीही, तुमच्या मालकीचं घर असता कामा नये. विकत घेतलेलं, बक्षीस मिळालेलं, वारसाने आलेलं, काहीही. अगदी विकून टाकलेलंसुद्धा नाही. एकदा मालक झालात की ती सवलत कायमची गेली.

जादा ५ टक्क्यांचा नियम जरा वेगळा आहे. तो भूतकाळ बघत नाही. ताबा घेतला त्या दिवसाच्या शेवटी तुमच्याकडे दुसरं घर आहे का, आणि त्यातल्या तुमच्या हिश्श्याची किंमत ४०,००० पौंड किंवा जास्त आहे का, एवढंच बघतो. ४०,००० पौंड म्हणजे आजच्या दराने ४५ लाखांच्या वर. लग्न झालेलं असेल आणि एकत्र राहत असाल तर जोडीदाराच्या नावावरचं घरही तुमचंच धरतात. नवऱ्याच्या नावे भारतात फ्लॅट आहे म्हणून बायकोच्या एकटीच्या नावे घेऊ, ही युक्ती या ५ टक्क्यांपुरती चालत नाही.

आता आपल्याकडे काय होतं ते मला सांगायला नको. मुलाला नोकरी लागली की बाबा फ्लॅट घेतात आणि त्याचं नाव दुसरं म्हणून घालतात. कर्ज जास्त मिळतं, पुढे वारसाची भानगड राहत नाही आणि मुख्य म्हणजे माया. पोराचं नाव घराला लागलं पाहिजे. मुलगा एक रुपयाही भरत नाही. पण अॅग्रीमेंटवर त्याची सही असते, इंडेक्स टूवर त्याचं नाव असतं. चार वर्षांनी तो मँचेस्टरमध्ये फॉर्म भरताना 'पहिल्यांदा घर घेताय का?' या प्रश्नापुढे प्रामाणिकपणे 'हो' लिहायला निघतो. इथले पैसे त्याने पहिल्यांदाच भरलेत ना! कायद्याच्या दृष्टीने उत्तर 'नाही' असू शकतं. "नाव नुसतं सोयीसाठी घातलंय हो," हे म्हणणं सिद्ध करावं लागतं. करसल्लागाराने लेखी दिल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

सुटका कुठे आहे तेही सांगतो. शेतजमीन म्हणजे घर नव्हे. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून घाबरू नका. गावचं वडिलोपार्जित घर असेल तर जरा बारकाईने बघा. वारसाने आलेला हिस्सा निम्मा किंवा त्याहून कमी असेल, तर पहिली तीन वर्षं तो जादा ५ टक्क्यांसाठी मोजत नाहीत. पण पहिल्या घराच्या सवलतीला तो हिस्सा आडवा येतो.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो, म्हणजे कागदावरचा नियम घरात कसा शिरतो ते कळेल. पुण्यातल्या फ्लॅटवर बाबांचं आणि माझं नाव, निम्मं निम्मं. फ्लॅटची किंमत कोटीच्या वर, म्हणजे माझा हिस्सा मर्यादेबाहेर. पहिल्या घराची सवलत तर गेलेलीच होती. पण ताबा घेण्याआधी माझा हिस्सा खरोखर सोडला तर १७,५०० पौंड वाचणार होते. 'खरोखर' हा शब्द महत्त्वाचा. दाखवण्यापुरतं नाव काढायचं आणि मनात मालकी ठेवायची, असं नाही चालत.

फोनवर मी बाबांना हे स्प्रेडशीट शेअर करून समजावलं. बाबा बँकेतून निवृत्त झालेत, आकडे त्यांना माझ्याआधी कळले. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे तू आता परत येणार नाहीस, असंच ना?"

याला स्प्रेडशीटमध्ये रकाना नव्हता. दोन आठवडे विषय निघालाच नाही. मग आईनेच एक दिवस फोन करून सांगितलं, "डिसेंबरमध्ये येशील तेव्हा रजिस्ट्रारकडे जाऊन या दोघं. कागदावरचं नाव गेलं म्हणून मुलगा जात नसतो. आणि तेवढ्या पैशात माझी दोन-चार तिकिटं होतील."

गेलो. बक्षीसपत्र केलं. इथे महाराष्ट्राच्या कायद्यातली एक गंमत कळली. आईवडिलांनी राहतं घर मुलाला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये. मुलाने वडिलांना दिलं तर ती सवलत नाही, बाजारभावावर टक्केवारीने भरावं लागतं. कायद्यालाही संपत्ती वरून खालीच जाते असं वाटतं, उलटी जाईल हे सुचलंच नसावं. तरी हिशेब आमच्या बाजूने होता. माझ्या बायकोच्या नावावर भारतात काही नाही. घर तिच्या एकटीच्या नावे घेतलं असतं तर पहिल्या घराची सवलत मिळून आणखी ५,००० पौंड वाचले असते. पण कर्जाला दोघांचा पगार लागत होता, म्हणून दोघांची नावं लागली आणि ७,५०० भरले.

याच्या उलटी चूकही तितकीच महाग. आई-बाबा पैसे देणार म्हटल्यावर आपल्याला वाटतं, त्यांचंही नाव घालू, बरं दिसतं. नका घालू. त्यांचं पुण्यातलं घर आहे, म्हणून पूर्ण खरेदीवर ५ टक्के जादा. शिवाय ते इंग्लंडमध्ये राहत नाहीत, म्हणून अनिवासी खरेदीदाराचा आणखी २ टक्के अधिभार. हा अधिभार एप्रिल २०२१ पासून आहे. खरेदीच्या आधीच्या १२ महिन्यांत १८३ दिवस इथे नसलेला एकही खरेदीदार यादीत असला की तो लागतो. एकत्र घेणाऱ्या नवरा-बायकोत एकजण इथला असेल तर चालतं, मुलगा आणि वडिलांना ती सूट नाही. आपल्या उदाहरणात आणखी ७,००० आणि एकूण ३२,००० पौंड.

त्यांचे पैसे आणायचे तर ते बक्षीस म्हणून आणा. भारतात राहणारी व्यक्ती रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवू शकते. वर्षात १० लाख रुपयांच्या वर गेलं की अशा कारणासाठी बँक २० टक्के टीसीएस आधीच कापते. तो खर्च नव्हे, बाबांच्या आयकरात वळता होतो किंवा परत मिळतो. पण तेवढी रक्कम मधले काही महिने अडकते, हे गृहीत धरून तयारी करा. इथला सॉलिसिटर विचारणार, बाबांकडे हे पैसे आले कुठून? एफडीची पावती, पीएफचं स्टेटमेंट, प्लॉट विकला असेल तर खरेदीखत. मराठीतल्या खरेदीखताचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. आणि बाबांना सही करून द्यावं लागतं की हे पैसे परत मागणार नाही आणि या घरात माझा काहीही हक्क नाही. ते पत्र बँकेचं साधं छापील पत्र असतं. पण पाठवण्याआधी फोन करून समजावून सांगा, नुसतं ईमेल करू नका.

बरं, कागद झाले. आता भिंत.

आपण इंजिनिअर लोक जुनं घर म्हणजे जुना कोड समजतो. कुणीतरी लिहिलाय, दहा जणांनी ठिगळं लावलीत, कागदपत्रं नाहीत. ठीक आहे, पण एक फरक आहे. मूळ कोड इथे बहुतेक वेळा चांगला असतो. घोटाळा ठिगळांमध्ये असतो.

बाहेर उभं राहून विटांची मांडणी बघा. एकाच ओळीत एक वीट लांब बाजू दाखवते आणि शेजारची आखूड बाजू, अशी आलटून पालटून रचना असेल, तर ती भिंत भरीव आहे. साधारण नऊ इंच जाड, मधे पोकळी नाही. पोकळी ठेवून दुहेरी भिंत बांधायची पद्धत इथे सर्रास झाली ती पहिल्या महायुद्धानंतर. भरीव भिंतीत पाऊस थोडा मुरणारच. ती तशीच बांधलेली आहे. विटा चुन्यात रचलेल्या असतात आणि चुना ओल शोषतो, मग वारा आणि ऊन आलं की बाहेर सोडतो. आपल्या वाड्यांमध्ये घाणीवर मळलेला चुना असायचा, तीच जात. पावसात भिंत ओली होते, मग सुकते. शंभर-सव्वाशे वर्षं हे चाललेलं असतं.

मग मधे कुणीतरी येतो आणि विटांमधल्या दर्जा खरवडून सिमेंट भरतो. सिमेंट टणक, ओल बाहेर सोडत नाही. पाणी चुन्यातून निघायचं ते आता मऊ विटेतून निघायला लागतं. थंडीत ते गोठतं आणि विटेचे पापुद्रे सुटतात. आतून कुणी वर पाणी न सोडणारा रंग मारलेला असतो. झाली भिंत बंद डब्यासारखी. आतल्या बाजूला ओलीचा डाग येतो आणि तुम्ही म्हणता, "जुनं घर ना, ओल असणारच." नव्हे, ओल नव्या कामामुळे आहे.

पुढचं पाऊल आणखी महाग. ओल दिसली की कुणीतरी फुकट तपासणी करून देतो. दोन सुया असलेलं छोटं मीटर भिंतीला टोचतो, आकडा लाल होतो आणि तुम्हाला भिंतीत रसायन टोचायचं हजारो पौंडांचं कोटेशन मिळतं. ते मीटर मुळात लाकडासाठी बनवलेलं. ते वीजवाहकता मोजतं, पाणी नाही. जुन्या भिंतीत साचलेल्या क्षारांनीही आकडा चढतो. जो उपाय विकतो त्याच्याकडून निदान करून घेऊ नका, एवढं धरून चला. आम्ही बघितलेल्या एका घरात असं कोटेशन विक्रेत्याने आम्हालाच दाखवलं होतं, किंमत कमी करायची तयारी म्हणून. बाहेर जाऊन बघितलं तर छपराची पन्हळ तुटलेली आणि पाणी वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यात पडत होतं. पन्हळ बदलणं किती स्वस्त, विचार करा.

जमिनीचंही बघा. पुढच्या खोल्यांची जमीन लाकडी फळ्यांची असते, खाली वासे आणि त्याखाली मोकळी हवा. ती हवा खेळती राहावी म्हणून बाहेरच्या भिंतीत अगदी खाली जाळीच्या विटा बसवलेल्या असतात. कुणी अंगणात फरशी घालून पातळी वर आणली की या जाळ्या बुजतात आणि खालचे वासे कुजायला लागतात. घर बघायला जाल तेव्हा सगळे छताकडे बघत असतात, तुम्ही वाकून या जाळ्या मोजा. बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा चांगली वीतभर खाली हवी.

आणि आता आपला स्वयंपाक. इथल्या घराला सँडविचची सवय, आपण कुकरच्या तीन शिट्ट्या काढतो, फोडणी घालतो, इडली वाफवतो आणि हिवाळ्यात कपडे रेडिएटरवर वाळत टाकतो. ही सगळी वाफ सगळ्यात गार भिंत शोधून तिथे पाणी होऊन बसते. मग काळी बुरशी येते आणि नावं घराला ठेवली जातात. वाफ बाहेर फेकणारा पंखा लावा. अनेक स्वयंपाकघरांत चिमणी म्हणून जे असतं, ते हवा गाळून परत खोलीतच सोडतं, ते उपयोगाचं नाही. बंद केलेल्या शेकोटीला छोटी जाळी ठेवा. आणि उब राहावी म्हणून आतून भिंतीला घाईघाईने फोमचे तक्ते ठोकू नका. भरीव भिंतीला आतून उबदार करता येतं, पण वाफेचा विचार करणाऱ्या माणसाकडून.

शेकोटीवरून आठवलं. खालच्या खोलीत जागा मोठी दिसावी म्हणून शेकोटीची बाहेर आलेली भिंत काढून टाकलेली असते, आणि वरच्या मजल्यावर ती तशीच असते. म्हणजे वरच्या विटांचं सगळं ओझं कशावर आहे? खाली पोलादी तुळई घातलीय का, आणि नगरपालिकेचं बांधकाम पूर्णत्वाचं प्रमाणपत्र आहे का, हे विचारा. नसेल तर विक्रेत्याचा वकील म्हणेल, "इन्डेम्निटी इन्शुरन्स देतो." हा विमा नगरपालिकेने कारवाई केली तर होणारं नुकसान भरतो. वरच्या विटा खाली आल्या तर तो तुमच्या उपयोगाचा नाही. त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. पण नगरपालिकेला स्वतःहून फोन करण्याआधी आपल्या वकिलाशी बोला, कारण तशा संपर्काने तो विमाच मिळेनासा होऊ शकतो.

बँक जे मूल्यांकन करते ते बँकेसाठी, तुमच्यासाठी नाही. जुन्या घराला स्वतःच्या पैशाने लेव्हल थ्री सर्व्हे करून घ्या. चुन्याच्या घरांची माहिती असलेला सर्व्हेअर निवडा. शिवाय विजेच्या वायरिंगची तपासणी आणि ड्रेनेजमध्ये कॅमेरा घालून पाहणी. दोन्हीला मिळून काही शे पौंड जातात. छतावर नक्षीदार खडबडीत प्लास्टर दिसलं तर खरवडण्याआधी त्यात अॅस्बेस्टॉस आहे का ते तपासून घ्या. इथे त्यावर पूर्ण बंदी आली ती १९९९ मध्ये.

घर 'लिस्टेड' आहे का, हे सरकारी वारसा यादीत फुकट शोधता येतं. साध्या रांगेतली घरं बहुतेक नसतात. पण असेल, तर परवानगीशिवाय मूळ खिडकी बदलणं हा फौजदारी गुन्हा आहे. आणि आधीच्या मालकाने केलेलं काम पूर्ववत करायची नोटीस तुमच्यावर येऊ शकते, त्याला मुदतीचं बंधनही नाही. लिस्टेड नसलं तरी भाग 'कॉन्झर्वेशन एरिया'मध्ये आहे का ते बघा. तिथे बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींवर बंधनं असू शकतात.

हे सगळं कधी करायचं? इथे व्यवहाराची चाल आपल्यापेक्षा वेगळी आहे. आपल्याकडे टोकन दिलं की निम्मं घर आपलं झालं असं वाटतं. इंग्लंडमध्ये तुमची ऑफर मान्य झाली तरी दोन्ही बाजू मोकळ्या असतात. विक्रेता दुसऱ्याकडून जास्त घेऊन तुम्हाला सोडू शकतो, आणि तुम्हीही सर्व्हे वाईट आला तर एक पौंड दंड न भरता निघून जाऊ शकता. हा मोकळा काळ काही आठवडे, बऱ्याचदा काही महिने चालतो. लोक त्यात सोफा बघतात. भिंत, वासे, चिमणी, पुण्यातलं बक्षीसपत्र, टीसीएस, सगळं याच काळात उरकायचं. मग 'एक्स्चेंज' होतं, म्हणजे करारांची अदलाबदल, आणि साधारण १० टक्के रक्कम जाते. त्यानंतर मागे फिरलात तर ती रक्कम गेली. नेहमीच्या करारात घराची जोखीमही त्याच दिवसापासून तुमची होते. किल्ली अजून विक्रेत्याकडे असते, तरी आग लागली तर घर तुमचं. म्हणून घराचा विमा किल्ली मिळते त्या दिवसापासून नाही, एक्स्चेंजच्या दिवसापासून घ्या.

ताबा मिळाल्यावर १४ दिवसांत स्टॅम्प ड्युटीचं विवरण आणि पैसे जायला हवेत. सॉलिसिटर भरतो, पण त्यातल्या उत्तरांची जबाबदारी तुमची. जादा ५ टक्के भरून नंतर परत मिळवायचा रस्ता आहे, पण तो तुम्ही स्वतः मुख्य घर म्हणून राहत होतात ते जुनं घर तीन वर्षांत विकलं तरच. ज्या फ्लॅटमध्ये बाबा राहतात आणि तुम्ही दिवाळीला जाता, तो त्यात बसत नाही.

आता काढा ते पुण्याचं अॅग्रीमेंट कपाटातून आणि नावं वाचा. शंका आली तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेतो.